कुरुंदवाडचा माणूस आणि खराडीची रात्रपाळी

पुण्यात, खराडीतल्या आमच्या घरी श्रीनिवास कुलकर्णी या माणसावरून वारंवार वाद होतात. वाद घालणाऱ्या दोघांपैकी कुणीही त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यानं वादाचं काही अडत नाही. एका बाजूला माझे वडील, अण्णा. कुरुंदवाडच्या शाळेत हयातभर विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या बाजूला माझी बायको मुग्धा. माहेर नगरचं, नोकरी ईऑन आयटी पार्कमधल्या एका कंपनीत, रात्रीबेरात्री सर्व्हर सांभाळायची. मी मध्ये बसतो. मुलगा आणि नवरा अशा दुहेरी पदावरचा माणूस बोलला की दोहोंपैकी एक पद धोक्यात येतं.

या वेळी निमित्त ओंकारचं होतं. मुग्धाचा हा धाकटा भाऊ एमएस्सी फिजिक्स झालाय आणि त्याला अतिनवताऱ्यांवर, म्हणजे सुपरनोव्हांवर पीएचडी करायची आहे. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या दोन खगोलसंस्था मिळून जी प्रवेश परीक्षा घेतात, तिची तयारी तो करतोय. शिवाय खराडीतल्याच एका कंपनीची ऑफरही हातात आहे. मला वाटलं, अण्णा पीएचडीच्या बाजूनं बोलतील आणि मुग्धा नोकरीच्या. तसं झालं नाही. दोघंही ‘पीएचडी कर’ म्हणाले आणि मग कारणांवरून भांडले.

“आयुष्यभर त्यातच राहणार असशील तर कर,” अण्णा ओंकारला म्हणाले. “मधेच सोडायचं असेल तर आत्ताच नोकरी धर.”

“उलट आहे, अण्णा. सोडता येतं म्हणूनच करावी,” मुग्धा म्हणाली. “पाच-सहा वर्षांत हा जे शिकेल ते कुठंही चालेल. तिथंच मरेपर्यंत राहायची शपथ कशाला?”

“शपथ नाही म्हणत मी. पण शास्त्र म्हणजे कंपनी आहे होय, दर दोन वर्षांनी बदलायला?”

मुग्धानं कंपन्या बऱ्याच बदलल्यात, त्यामुळे हे तिला लागलं. तिनं लगेच अण्णांच्याच भात्यातला बाण काढला. “मग तुमच्या कुलकर्ण्यांचं काय? त्यांनी किती बदलल्या?”

इथं थोडं सांगायला हवं. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली कुरुंदवाडला झाला. कोल्हापूर जिल्ह्यातलं, नृसिंहवाडीजवळचं, पंचगंगेच्या काठचं हे गाव. त्यांचं बालपण आणि शाळा मात्र हुबळीची. अण्णा यातला पहिला भाग ठासून सांगतात आणि दुसरा घाईत. सुधा मूर्तींचे भाऊ ही ओळख कुणी पुढे केली तर त्यांना ते आवडत नाही. माणसाची ओळख त्याच्या कामावरून व्हावी असं त्यांचं म्हणणं. मग ती गावावरून का व्हावी, हे मी विचारलेलं नाही.

“बदलल्या म्हणजे?” अण्णा.

“मोजा की. १९८२ साली बर्कलीत पीएचडी करताना डॉन बॅकर यांच्याबरोबर पहिला मिलिसेकंद स्पंदक, म्हणजे पल्सर, सापडला. सेकंदाला सुमारे ६४२ गिरक्या घेणारा. दुसरा माणूस असता तर जन्मभर स्पंदकच मोजत बसला असता. हे १९९५ साली कुठं? तपकिरी बटूच्या शोधात. तारा व्हायचं राहून गेलेले हे गोल सिद्धांतात होते, पण निर्विवाद सापडले नव्हते. ग्लीझ २२९ बी हा त्यांच्या चमूनं पालोमारला पकडला. दोन वर्षांनी गॅमा किरणांचे स्फोट. ते आपल्या आकाशगंगेतले की बाहेरचे हा जुना वाद होता. केक दुर्बिणीनं घेतलेल्या वर्णपटानं तो संपवला, बाहेरचेच, आणि अब्जावधी प्रकाशवर्षं लांबचे. त्यातही कॅलटेकचा यांचाच गट. आणि मग कुठं अतिनवतारे.”

“ते एकातून एक निघत गेलं,” अण्णा म्हणाले. “२५ एप्रिल १९९८ ला एक गॅमा किरणांचा स्फोट झाला आणि आकाशात त्याच जागी एक अतिनवतारा दिसला. एसएन १९९८ बीडब्ल्यू. त्याच्या रेडिओ लहरी मोजल्यावर कळलं, की फुटलेल्या ताऱ्याचा काही भाग जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं बाहेर पडलाय. म्हणजे हे दोन स्फोट एकाच मरणाचे. तो निबंध कुलकर्ण्यांचाच. याला उडी नाही म्हणत मी. वाट चालताना फाटा फुटला.”

“फाटा फुटल्यावर वळणं यालाच आम्ही स्विच म्हणतो.”

अण्णा जरा थांबले. बाजू बदलायची असली की ते चष्मा पुसतात. “बरं, कुलकर्णी राहू दे. नारळीकर घे.”

मला हे अपेक्षित होतं. जयंत नारळीकर यांचा जन्मही कोल्हापूरचा, १९३८ चा. तेही लहानपणीच बाहेर पडले, वाढले बनारसला. या न्यायानं कोल्हापूरनं जगाला दोन खगोलशास्त्रज्ञ दिले आणि दोघांनाही स्वतःकडे ठेवलं नाही. अण्णांना हे दुःखाचं वाटतं. मुग्धाच्या मते त्या दोघांनी वेळेवर गाडी पकडली.

“नारळीकरांनी विशीत फ्रेड हॉइलबरोबर एक मत धरलं,” अण्णा सांगू लागले. “विश्व एका महास्फोटातून जन्माला आलं हे त्यांना पटलं नाही. जग महास्फोटाकडे गेलं, हे गेले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी तोच विचार नव्या रूपात मांडला. मग १९९८ आलं. लांबचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा अंधूक दिसतात असं दोन गटांना आढळलं. त्यावरून सगळे म्हणाले, विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. त्याला २०११ चं नोबेलही मिळालं. नारळीकर काय म्हणाले ठाऊक आहे?”

“धूळ.”

“नुसती धूळ नव्हे. अतिनवताऱ्यातून बाहेर पडलेला लोहाचा वायू थंड होताना त्याच्या अतिसूक्ष्म सुया बनतात, त्या दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत पसरतात आणि मागच्या अतिनवताऱ्याचा उजेड खातात. म्हणून तो अंधूक. दोन हजार साली सहकाऱ्यांबरोबर निबंध लिहून आकडे मांडले. कसली हिंमत म्हणायची ही!”

“पण पटलं का कुणाला?”

“फारसं नाही.”

“मग?”

“मग काय? माणूस २० मे २०२५ ला गेला, शहाऐंशी वर्षांचा होऊन. तोवर प्रश्न विचारत होता. आणि त्याच माणसानं १९८८ मध्ये गणेशखिंडीत आयुका उभी केली. तिथंच वरुण साहनी, पद्मनाभन असे लोक त्याच वेग घेणाऱ्या विश्वावर काम करत राहिले, संस्थापकाला जे मान्य नव्हतं त्यावरच. असं घर बांधायला एका जागी राहणारा माणूस लागतो, मुग्धा. येणारा-जाणारा खोली भाड्यानं घेतो, घर बांधत नाही.”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मुग्धालाही वाटला असावा, कारण तिनं उत्तर न देता विषय आपल्या मैदानात नेला.

“घर कुलकर्ण्यांनीही बांधलंय. फक्त ते यंत्राचं आहे,” ती म्हणाली. “अण्णा, फ्रिट्झ झ्विकींनी उभ्या आयुष्यात अतिनवतारे किती शोधले?”

“एकशेवीस. शाळेत सांगायचो मी. सुपरनोव्हा हा शब्दच त्यांचा आणि वॉल्टर बाडे यांचा. आणि तारा फुटल्यावर न्यूट्रॉन तारा उरतो, हे १९३४ मध्ये म्हणायची छातीही त्यांचीच.”

“त्याच झ्विकींचं नाव दिलेलं यंत्र पालोमारच्या डोंगरावर आहे. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, झेडटीएफ. कुलकर्ण्यांनी आधी २००९ मध्ये त्याची लहान आवृत्ती चालू केली होती, २०१८ पासून हे. दुर्बीण जुनीच, १९४८ ची, अठ्ठेचाळीस इंची. पण तिच्यामागचा कॅमेरा एका फोटोत सत्तेचाळीस चौरस अंश आकाश घेतो. पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर दोनशेच्या वर मावतील. उत्तरेचं सगळं आकाश दोन-तीन रात्रींत संपतं की पुन्हा पहिल्यापासून. वर्णपट घेऊन पक्के ठरवलेले दहा हजार अतिनवतारे २०२४ संपेपर्यंत झाले होते. झ्विकींच्या आयुष्यासमोर सहा-सात वर्षं.”

“यंत्रानं मोजले. माणसानं पाहिले किती?”

“हेच तर! माणसानं पाहायचंच नाही. आजचा फोटो घ्यायचा, त्यातून जुना वजा करायचा, उरेल ते नवं. रोज रात्री लाखो अलर्ट येतात. त्यातले कितीतरी खोटे, कॅमेऱ्याचा दोष, नाहीतर जाणारा लघुग्रह. खरं-खोटं निवडायचं काम मशीन लर्निंग करतं. त्या कामात पुढे असलेले आशिष महाबळ आयुकात पीएचडी केलेले आहेत. म्हणजे अण्णा, माझं काम आणि त्यांचं काम एकच. मीपण रात्री अलर्ट बघते आणि ठरवते की कशासाठी उठायचं आणि कशासाठी नाही.”

“तुझा सर्व्हर पडला तर तो पुन्हा उभा राहतो.”

“म्हणून तर त्यांचं काम जास्त घाईचं. तारा फुटतो तेव्हा पहिली चमक काही तासांत विझते. तारा केवढा होता, भोवती काय होतं, हे त्या तासांत लिहिलेलं असतं. २४ ऑगस्ट २०११ ला एम १०१ या दीर्घिकेत एक सापडला, दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवर. एसएन २०११ एफई. स्फोटाला तेव्हा जेमतेम अकरा तास झाले होते. इतक्या लवकर हाती आला म्हणूनच फुटलेला तारा पृथ्वीएवढा चिमुकला श्वेत बटू असणार हे दाखवता आलं. आठवड्यानं कळता तर तो पुरावाच गेला असता.”

नंतर तिनं जे सांगितलं ते मला या सगळ्यात फार आवडलं, कारण त्यात खराडी होती. पालोमारला सूर्य उगवला की दुर्बीण मिटते. अतिनवतारा मात्र थांबत नाही. म्हणून पृथ्वीभरच्या दुर्बिणींची एक साखळी केली गेली, ग्रोथ नावाची. तिची प्रमुख मानसी कासलीवाल, इंदूरला जन्मलेली, कुलकर्ण्यांचीच विद्यार्थिनी. या साखळीतली आपली कडी लडाखमध्ये हानलेला आहे, सत्तर सेंटिमीटर आरशाची. २०१८ पासून चालू झाली, भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची. कॅलिफोर्नियात दिवस असताना इथली रात्र कामाला लागते.

“फॉलो द सन,” मुग्धा म्हणाली. “फक्त आमच्या कंपनीत सूर्याच्या मागे पळतात आणि यांच्याकडे सूर्यापासून लांब.”

आमच्या गॅलरीतून दिसणारं रात्रभर पेटलेलं ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर अमेरिकेतल्या दिवसासाठी जागं असतं. त्यांच्या उजेडात खराडीतून तारे दिसायचे जवळपास बंदच झालेत. हिवाळ्यात मृगातला काक्षी कसाबसा ओळखू येतो. अण्णा आल्यापासून याबद्दल रोज कुरकुरतात. पण त्यांचा मुक्काम या उजेडाच्या पगारावर चालतो, हे मी बोललो नाही. वर सांगितलेलं दुहेरी पद.

“एम १०१ म्हणालीस ना?” अण्णांनी आपलं पान टाकलं. “त्याच दीर्घिकेत १९ मे २०२३ ला दुसरा अतिनवतारा दिसला. २०२३ आयएक्सएफ. कुणी शोधला? तुझ्या सत्तेचाळीस अंशांच्या कॅमेऱ्यानं नव्हे. जपानमधले कोइची इतागाकी. हौशी माणूस. स्वतःच्या दुर्बिणीनं शंभरावर अतिनवतारे शोधलेत त्यांनी. दशकं गेली, विषय बदलला नाही.”

“यंत्रं दर रात्री बिनबोभाट शोधतात, त्याची बातमी होत नाही. इतागाकींची होते.”

“होऊ दे की. पण शोध कुणाच्या नावावर लागला?”

मुग्धानं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एकदम दुसरीकडेच वळली. “आणि अण्णा, तुमच्या कुलकर्ण्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ मुलाखतीत काय म्हटलं होतं माहितीये? शास्त्रज्ञ म्हणजे मनातून खेळणी घेऊन रमणारी मुलं. मुलं म्हणजे बॉईज. जगभरच्या शास्त्रज्ञ बायकांनी मग आपापल्या यंत्रांसोबतचे फोटो टाकले, ‘गर्ल्स विथ टॉईज’ म्हणून. दुर्बिणी, लेझर, पाणबुड्या, काय काय.”

“बोलण्याच्या ओघात गेलं असेल.”

“गेलंच. पण ओघात तेच जातं जे आत असतं.”

अण्णा गप्प. गाववाल्याची बाजू घ्यावी तर ज्यांनी वर्षानुवर्षं मुलींना विज्ञानाकडे ढकललं ते अण्णा आडवे येतात, आणि न घ्यावी तर कुरुंदवाड. शेवटी म्हणाले, “चुकलंच ते. मानसीबाई त्यांचीच विद्यार्थिनी ना? तिनं बघितलं असेल काय ते.”

एवढ्यावर तो विषय मिटला. पण मला वाटलं, वाद टिकण्या-बदलण्याचाच होता, तर अण्णांनी खरा पुरावा अजून वापरलाच नव्हता. तो पुरावा आमच्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, नारायणगावाजवळ खोडदला उभा आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी. शेवटी तो पुरावा मांडला ओंकारनं, तोवर जो मुकाट्यानं चकली खात होता.

“ताई, पहिली चमक पकडायची हे बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण ती झाल्यावर तारा संपत नाही. मोठा तारा फुटण्याआधी हजारो वर्षं आपलं अंग वाऱ्यावर सोडत असतो. तो वारा सेकंदाला दहा-एक किलोमीटरनं बाहेर जातो. स्फोटाची लाट जाते सेकंदाला दहा हजार किलोमीटरनं.”

“हजारपट.”

“हो. समजा, पायी वारी पुढं निघून गेलीय आणि मागून गाडी सुटली. गाडीला आधी भेटणार ते उशिरा निघालेले लोक, मग त्यांच्या आधी निघालेले, मग त्याच्याही आधीचे. तसं ही लाट ताऱ्याच्या ताज्या वाऱ्याला आधी गाठते आणि जुन्याला नंतर. धडक बसते तिथं इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात फिरतात आणि रेडिओ लहरी देतात. आपण एक वर्ष ऐकलं, तर ताऱ्याच्या मरणाआधीच्या हजार वर्षांचा हिशेब मिळतो. दहा वर्षं ऐकलं, तर दहा हजारांचा.”

अण्णांचा चेहरा मी सांगायची गरज नाही.

“मार्च १९९३ मध्ये एम ८१ दीर्घिकेत एक फुटला,” ओंकार पुढे बोलत होता. “साधारण सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर. एसएन १९९३ जे. प्रकाशात तो कधीच मावळला. पण जवळपास नऊ वर्षांनी, स्फोटाला तीन हजारांवर दिवस झाल्यावर, पूनम चंद्रा, अलक राय आणि संजय भटनागर यांनी तो खोडदहून मीटर लांबीच्या लहरींवर ऐकला. अमेरिकेतल्या व्हीएलएनं तो लहान लहरींवर ऐकला. दोन्ही वर्णपट जोडले तेव्हा एका ठिकाणी रेषा मोडलेली दिसली. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तोवर दमले होते, म्हणून. दमायला किती वेळ लागला हे स्फोटाच्या वयावरून ठाऊक, म्हणून चुंबकी क्षेत्र किती ते काढता आलं. एरवी हे क्षेत्र अंदाजानं धरतात. इथं ते मोजलं गेलं. आणि अंदाजापेक्षा बरंच जोरदार निघालं.”

“हे बघ!” अण्णा खुर्चीतून पुढे आले. “नऊ वर्षं थांबलं तेव्हा मिळालं. घाईनं मिळालं असतं?”

“कुणीही नऊ वर्षं टक लावून बसलं नव्हतं, अण्णा,” मुग्धा म्हणाली. “१९९३ ला जीएमआरटी चालूच झाली नव्हती. दुसऱ्यांनी दुसऱ्या दुर्बिणींनी पाहिलेलं यांनी उचललं आणि पुढचं जोडलं. टिकली ती नोंद. माणसं बदलत गेली.”

मला विचाराल तर इथं मुग्धा जिंकली, पण अण्णांचं म्हणणं खोटं पडलं नाही. नोंद टिकायला कुणीतरी दुर्बिणीच्या केबलीपासून कॅलिब्रेशनपर्यंत सगळं वर्षानुवर्षं तसंच ठेवावं लागतं, नाहीतर आजचा आकडा आणि दहा वर्षांपूर्वीचा आकडा यांची तुलनाच होत नाही. ते करणाऱ्यांचं नाव कुठल्या शोधाला लागत नाही. अशी माणसं बदलतात तेव्हा काय होतं ते मुग्धाला तिच्या ऑफिसात चांगलं माहीत आहे. एक जण गेला की त्याच्या कोडला हात लावायला कुणी धजत नाही. हे तिला मी नंतर, अण्णा झोपल्यावर, विचारलं. तिनं मला पाणी आणायला पाठवलं.

पैशाचा प्रश्न राहिला होता, तो अण्णांनीच काढला. ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. मग परदेशात दोन-तीन पोस्टडॉक, प्रत्येक नव्या देशात. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी उलटते आणि कित्येकांना ती मिळतच नाही. “म्हणजे टिकायचं म्हटलं तरी टिकू देतात कुठं?” असं म्हणून अण्णा स्वतःच्याच मुद्द्यावर चिडले.

“आणि चिलीत रूबिन वेधशाळा आलीय,” मुग्धा म्हणाली. “तीन हजार दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा, २०२५ च्या जूनमध्ये पहिले फोटो आले. रात्रीला कोटीभर अलर्ट अपेक्षित आहेत. त्यातल्या बहुतेक अतिनवताऱ्यांचा वर्णपट घ्यायलासुद्धा जगात पुरेशा दुर्बिणी नाहीत. मग कुठल्याकडे बघायचं आणि कुठला सोडायचा, हे ठरवणारे लोक लागतील. ओम्या, तू ते शीक. जग तुझ्या मागे येईल.”

“मला ते नाही करायचं, ताई.”

“मग? इतागाकींसारखं डोंगरावर बसणार?”

“तेही नाही. खोडदच्या अर्काइव्हमध्ये वीसेक वर्षांचा डेटा पडून आहे. कुणीतरी दुसऱ्याच कशासाठी आकाशाचा तो तुकडा पाहिलेला असतो, आणि त्यात कोपऱ्यात एखादा जुना अतिनवतारा असतो. त्याच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. मला ते शोधायचेत. नव्या सॉफ्टवेअरनं पुन्हा प्रतिमा काढायच्या आणि बघायचं, वीस-तीस वर्षांपूर्वी फुटलेल्यांपैकी कोण अजून बोलतंय.”

म्हणजे धावायचं नाही आणि थांबायचंही नाही. थांबण्याचं काम दुसऱ्यांनी, नकळत, आधीच करून ठेवलेलं. दोघांनाही हे पटकन पचलं नाही. कोणाच्या बाजूनं मोजायचं ते कळेना.

“जुना डेटा म्हणजे नक्की कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे?” शेवटी मुग्धानं विचारलं. “आणि त्यातला उघडतो किती?”

“आणि त्या वेळच्या नोंदवह्या?” अण्णांनी विचारलं. “अँटेना बिघडलेली कधी, दुरुस्त झाली कधी, हे कुणी लिहून ठेवलंय का? त्याच्याशिवाय तुझा आकडा कोण मानणार?”

ओंकारनं चकलीचा डबा बाजूला सारला आणि वही उघडून दोन्ही प्रश्न लिहून घेतले.